लिनक्स लॅपटॉप उशिरा सुरू होतो: तो काम करतोय की वाट पाहतोय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षांचा लॅपटॉप, आय-3 प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 1 टीबीची फिरती हार्ड डिस्क. विंडोजच्या शेजारी उबंटू 22.04 (लिनक्सचा एक प्रकार). बटण दाबल्यापासून लॉगिनचा पडदा यायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. व्हिडिओ बघून 14 सर्व्हिस (पडद्यामागे आपोआप चालणारे प्रोग्राम) बंद केल्या. त्यातून तीन-चार सेकंद वाचले, पण ब्लूटूथ आणि प्रिंटर गेले. त्याच डिस्कवर विंडोज मात्र 40 सेकंदांत उघडतं. मग आणखी कोणत्या सर्व्हिस बंद करायच्या, आणि सगळ्यांत लवकर सुरू होणारं लिनक्स कोणतं?

तुम्ही आकडे दिलेत याबद्दल मनापासून आभार. या विषयावर मला जेवढे लोक विचारतात त्यांतले फार थोडे मोजून येतात. आकडे नसले की सल्ला म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. 14 सर्व्हिस बंद करून तुमचं तेच झालं. म्हणून तुमचा प्रश्न मी जरा बदलून घेतो. काय बंद करायचं हे नंतर पाहू. आधी हे दोन मिनिटं नेमके जातात कुठे, आणि त्या वेळात मशीन काम करत असतं की कशाची तरी वाट पाहत उभं असतं, हे शोधू. गेली बरीच वर्षं मी लोकांचे लिनक्स लॅपटॉप दुरुस्त करतोय, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या संथ मशीनचे सरळ दोन गट पडतात. वाट पाहणारं मशीन एखादी ओळ बदलून फुकटात सुधारतं. काम करून थकलेलं मशीन हार्डवेअर बदलल्याशिवाय सुधारत नाही. तुमच्या लॅपटॉपमध्ये दोन्ही दुखणी एकत्र आहेत, म्हणून गोंधळ झालाय.

(कमांड आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये ती रोमन अक्षरांत टाइप करायची.)

लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम म्हणजे सिस्टिमडी. त्याची सिस्टिमडी-ॲनलाइझ ही कमांड चालवून तुम्हाला मिळालेले आकडे असे: फर्मवेअर (मशीनचा स्वतःचा प्रोग्राम) 6.8 सेकंद, लोडर (कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणारा) 11.2, कर्नल (लिनक्सचा गाभा) 37.4, यूजरस्पेस (त्यावर चालणाऱ्या सर्व्हिस वगैरे) 58.1. बेरीज 1 मिनिट 53.5 सेकंद. आता बघा, तुम्ही बंद केलेल्या सर्व्हिस सगळ्या चौथ्या टप्प्यातल्या. पहिल्या तीन टप्प्यांत मिळून 55 सेकंद जातात, आणि तिथे त्या सर्व्हिसचा काही संबंधच येत नाही. अर्धा वेळ तुम्ही हात लावला त्याच्या आधीच संपलेला होता.

सगळ्यांत मोठी गंमत कर्नलच्या आकड्यात आहे, म्हणून तिथून सुरू करतो. 37 सेकंद हा कर्नलचा वेळ असूच शकत नाही. फिरत्या डिस्कवर, जुन्या प्रोसेसरवर धरला तरी सात-आठ सेकंद पुष्कळ झाले. उबंटू आणि डेबियनमध्ये या आकड्यात एक गोष्ट लपलेली असते. कर्नल स्वतः उठल्यावर इनिटरॅमएफएस नावाची एक छोटी तात्पुरती व्यवस्था उभी राहते. मुख्य डिस्क शोधून ती जोडून द्यायची एवढंच तिचं काम. फेडोरासारख्या काही डिस्ट्रोंमध्ये, म्हणजे लिनक्सच्या इतर प्रकारांमध्ये, तिचा वेळ वेगळा दाखवला जातो. उबंटूत तो कर्नलच्याच खात्यात जमा होतो. त्यामुळे कर्नलचा आकडा फुगलेला दिसला की मी आधी या मधल्या पायरीवर संशय घेतो.

आणि तुम्ही प्रश्नात जाता जाता लिहिलेली एक ओळ मला फार उपयोगी पडली: विंडोजला जागा कमी पडत होती म्हणून स्वॅपचं पार्टिशन (रॅम कमी पडली की वापरायचा डिस्कचा भाग) मोडलं आणि एफएसटॅब फाइलमधून (बूटच्या वेळी जोडायच्या पार्टिशनांची यादी) त्याची ओळ काढून टाकली. ओळ काढलीत हे चांगलं केलंत. ती राहिली असती तर नसलेल्या पार्टिशनची वाट बघत सिस्टिमडी 90 सेकंद थांबलं असतं. पण त्या पार्टिशनचा पत्ता आणखी एका ठिकाणी नोंदलेला असतो. लॅपटॉप हायबरनेट केला तर रॅममधला मजकूर स्वॅपमध्ये जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच परत उचलायचा असतो. म्हणून इनिटरॅमएफएस दर वेळी आधी विचारतं, ते स्वॅप कुठे आहे, त्यात काही ठेवलंय का? पार्टिशन सापडलं नाही की ते 30 सेकंद वाट पाहतं, मग नाद सोडून पुढे जातं. 37.4 मधून 30 वजा करा. उरलेले 7.4 सेकंद हा तुमच्या कर्नलचा खरा वेळ.

माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवून बदल करू नका, आधी डोळ्यांनी बघा. बूट होताना ग्रबच्या, म्हणजे उबंटूच्या लोडरच्या, यादीत उबंटूवर येऊन ई दाबा, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी असलेले क्वाएट आणि स्प्लॅश हे दोन शब्द पुसा आणि एफ-10 दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. आता चित्राऐवजी अक्षरं धावताना दिसतील, आणि माझा अंदाज खरा असेल तर एका जागी सगळं थबकेल. थोड्या वेळाने सस्पेंड-रिझ्यूम डिव्हाइसची वाट पाहणं सोडून दिलं अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य येईल. तेवढ्या वेळात डिस्कचा दिवा बघा. तो विझलेला असेल. काम करणाऱ्या मशीनचा दिवा लुकलुकतो, वाट पाहणाऱ्याचा विझतो. दिवा नसेल तर डिस्कला कान लावा; फिरत्या डिस्कची टकटक ऐकू येते.

उपाय दोन मिनिटांचा आहे. ईटीसी फोल्डरमध्ये इनिटरॅमएफएस-टूल्स, त्यात कॉन्फ-डॉट-डी, त्यात रिझ्यूम नावाची फाइल. असेल तर तिच्यात जुन्या पार्टिशनचा लांबलचक यूयूआयडी (ओळखक्रमांक) दिसेल. तो पुसून रिझ्यूम बरोबर नन एवढं लिहा. फाइल नसेल तर नवी करा. डावीकडचा शब्द पूर्ण मोठ्या लिपीत, नन लहान लिपीत, मध्ये जागा सोडायची नाही. मग सुडोसह (म्हणजे ॲडमिनच्या हक्काने) अपडेट-इनिटरॅमएफएस, वजाचिन्ह, यू. ही शेवटची कमांड विसरली की काहीच बदलत नाही, कारण बूटच्या वेळी वापरली जाते ती आधीच बांधून ठेवलेली प्रत, तुम्ही बदललेली फाइल नव्हे. फाइल बदलूनही फरक पडला नाही असं सांगणाऱ्यांपैकी पुष्कळांचं इथेच चुकलेलं असतं. एक अट मात्र लक्षात घ्या: हायबरनेट वापरत असाल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही. तुम्ही स्वॅपच मोडलंय, म्हणजे वापरत नाही हे उघड आहे.

लोडरचे 11.2 सेकंद सोपे आहेत. शेजारी विंडोज दिसलं की उबंटूचं ग्रब यादी दाखवून 10 सेकंद तुमच्या निवडीची वाट बघतं. ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरात ग्रब नावाची फाइल आहे. तिच्यात ग्रब-टाइमआउटपुढे 3 लिहा आणि सुडोसह अपडेट-ग्रब चालवा. शून्य लिहू नका. शून्य दिसलं आणि दुसरी सिस्टिम सापडली की उबंटूची स्क्रिप्ट त्याचे पुन्हा 10 करते, आणि मग माणूस तासभर शोधत बसतो की माझा बदल गेला कुठे. शिवाय यादीच दिसली नाही तर एखादं नवं कर्नल बिघडल्यावर जुन्याकडे परतायची सोपी वाट बंद होते. तीन सेकंद त्यासाठी द्यायला हरकत नाही. आणखी एक, मागचं बूट अर्धवट राहिलं असेल, मधेच बटण दाबून बंद केलं असेल, तर ग्रब पुढच्या खेपेला 30 सेकंद थांबतं. एखाद्याच दिवशी फार उशीर झाला तर हे आठवा.

फर्मवेअरचे 6.8 सेकंद लिनक्सच्या हातात नाहीत. बायोसमध्ये जाऊन नेटवर्कवरून बूट करण्याचा पर्याय बंद करा, बूटच्या क्रमात आतली डिस्क पहिली ठेवा, जमलं तर दोन-तीन सेकंद वाचतील. त्यापुढे नाद सोडा.

म्हणजे आत्तापर्यंत एक पैसा खर्च न करता, एकही सर्व्हिस बंद न करता 37 सेकंद कमी झाले. राहिले यूजरस्पेसचे 58, आणि इथे विचार थोडा बारकाईने करावा लागतो.

तुम्ही सिस्टिमडी-ॲनलाइझ ब्लेम या कमांडची यादी दिली आहे आणि तिच्यात वरून एकेक सर्व्हिस बंद करत खाली आलात. बहुतेक व्हिडिओ हेच सांगतात. पण ती यादी काय सांगते ते नीट समजून घेऊ. पुरणपोळीचा स्वयंपाक डोळ्यांपुढे आणा. डाळ शिजली की पुरण शिजवायचं, मग वाटायचं, मग पोळ्या लाटायच्या. शेजारच्या शेगडीवर भात लावलाय, तिसरीवर आमटी उकळतेय, कुणी कुरडया तळतंय. ब्लेमची यादी म्हणजे कोणत्या पदार्थाला किती मिनिटं लागली याचा हिशोब. भाताला 25 मिनिटं लागली म्हणून भातच रद्द केला तर पंगत लवकर बसत नाही, कारण पंगत अडलेली असते डाळ-पुरण-पोळी या साखळीवर. ती साखळी दाखवणारी कमांड वेगळी आहे: सिस्टिमडी-ॲनलाइझ क्रिटिकल-चेन. तिच्यात प्रत्येक ओळीत दोन आकडे असतात. ॲट चिन्हाचा आकडा म्हणजे ती सर्व्हिस यूजरस्पेस सुरू झाल्यापासून कितव्या सेकंदाला सुरू झाली, अधिक चिन्हाचा म्हणजे तिला स्वतःला किती वेळ लागला. अधिकचा आकडा मोठा असेल तिथे लक्ष द्यायचं.

तुमच्या ब्लेमच्या यादीत पहिली आहे प्लायमाउथ-क्विट-वेट, 41 सेकंद. बूट होताना जे चित्र दिसतं ते प्लायमाउथ दाखवतं, आणि बाकी सगळं उरकून ते चित्र उतरेपर्यंत ही सर्व्हिस थांबते. तिचा वेळ म्हणजे इतरांचाच वेळ. ती बंद करून काही मिळत नाही.

दुसरी, नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन, 19 सेकंद. ही खरीखुरी वाट पाहणारी. आपोआप जोडायच्या प्रत्येक नेटवर्कचा प्रयत्न एक तर सफल होईपर्यंत किंवा फसेपर्यंत ती थांबते. बहुतेक ठिकाणी तिला 60 सेकंदांची वरची मर्यादा असते. घरी वीज जाऊन नुकतीच आली असेल, राउटरने वायफायचं नाव दाखवायला सुरुवात केली असेल पण अजून पत्ता देत नसेल, तर ती खूप ताणली जाते. ज्यांच्याकडे भारनियमन आहे त्यांचा लॅपटॉप काही दिवशी चटकन उघडतो आणि काही दिवशी रखडतो, त्यामागे पुष्कळदा हीच असते. ती कुणासाठी थांबते? बूटच्याच वेळी नेटवर्कवरचा सामायिक फोल्डर जोडायचा असतो अशांसाठी, किंवा नेटवर्क आल्याशिवाय सुरू न होणाऱ्या सर्व्हिससाठी. ऑफिसच्या सर्व्हरवर काम करणाऱ्याने तिला हात लावू नये. तुमचा घरचा लॅपटॉप आहे, एफएसटॅबमध्ये नेटवर्कचं काही नाही, तुम्ही ती निश्चिंत डिसेबल करा. वायफाय पूर्वीसारखंच जोडलं जाईल, फक्त त्यासाठी बाकीचे खोळंबणार नाहीत.

इथे एक प्रामाणिक सूचना. ही बंद केल्यावर सिस्टिमडीचा आकडा पुष्कळ उतरेल, पण घड्याळ लावून बघाल तर लॉगिनचा पडदा तेवढा लवकर आलेला नसेलही. उबंटूत लॉगिनचा पडदा बऱ्याचदा सगळ्या सर्व्हिस उरकण्याची वाट न पाहता आधीच येतो, आणि आकडा मात्र सगळं पूर्ण झाल्याचा असतो. उलटही घडतं: लॉगिन केल्यानंतर डेस्कटॉप वापरण्याजोगा व्हायला लागणारा वेळ त्या आकड्यात धरलेलाच नसतो. म्हणून मी दोन मोजमापं ठेवतो. एक कमांडचं, आणि एक मोबाइलच्या स्टॉपवॉचचं, बटण दाबल्यापासून फायरफॉक्सची खिडकी उघडेपर्यंत. तुम्हाला रोज जाणवतं ते दुसरं.

त्यानंतर यादीत स्नॅपडी (स्नॅप प्रकारची ॲप सांभाळणारी) 17 सेकंद, डिस्कचं डिव्हाइस 14, डॉकर (कंटेनर नावाच्या बंद डब्यांत प्रोग्राम चालवणारं) 13, मायएसक्यूएल (डेटाबेस) 12. हे चारही पाहिल्यावर मला तुमच्या लॅपटॉपचं दुसरं दुखणं दिसतं. हे वाट पाहत नाहीत, हे खरंच काम करताहेत, आणि सगळे एकाच डिस्कच्या दारात रांग लावून उभे आहेत.

जरा हिशोब करू. लॅपटॉपची फिरती डिस्क सहसा मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 90. एका फेऱ्याला 11 मिलिसेकंद. हवा तो मजकूर सुईखाली (डिस्क वाचणाऱ्या टोकाखाली) येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबायचं, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद, आणि सुई जागेवर सरकायला आणखी साधारण 10. विखुरलेल्या छोट्या वाचनांसाठी अशी डिस्क सेकंदाला 60-65 वेळा एवढंच वाचू शकते. बूट होताना हजारो छोट्या फाइली डिस्कभर विखुरलेल्या असतात. तीन हजार वेळा सुई हलवावी लागली तर 45 ते 50 सेकंद त्यातच गेले. प्रोसेसर तोवर रिकामा बसलेला असतो. साध्या साटा एसएसडीला सुई नाही, फिरणं नाही. ती अशी वाचनं सेकंदाला हजारोंनी करते. म्हणून फिरत्या डिस्कवर मी वरच्या स्वयंपाकाच्या उदाहरणात थोडी दुरुस्ती करेन: शेगड्या चार असल्या तरी इथे गॅसचा सिलिंडर एकच आहे आणि तोही मंद. साखळीबाहेरचा भातसुद्धा पुरणाची आच खातो. डॉकर आणि मायएसक्यूएल लॉगिनच्या साखळीत नसले तरी त्याच वेळी डिस्क ओढतात, म्हणून तुमच्या मशीनवर त्यांना हलवल्याचा फायदा दिसेल. एसएसडी असलेल्या मित्राच्या लॅपटॉपवर हाच बदल करून पाहिलात तर त्याला जाणवणारही नाही. इंटरनेटवर एकाच उपायाने कुणाला फायदा झाला, कुणाला नाही, असं वाचायला मिळतं त्याचं कारण हे.

डॉकर पूर्ण काढू नका. डॉकर-डॉट-सर्व्हिस डिसेबल करा आणि डॉकर-डॉट-सॉकेट इनेबल ठेवा. मग तुम्ही पहिल्यांदा डॉकरची कमांड द्याल तेव्हा ते जागं होईल. फक्त आपोआप सुरू होणारे कंटेनर असतील तर तेही तोवर झोपलेले राहतील, हे ध्यानात असू द्या. मायएसक्यूएल डिसेबल करा आणि अभ्यासाला बसताना सिस्टिमसीटीएल स्टार्टने चालू करा. स्नॅपचं म्हणाल तर उबंटू 22.04 मध्ये फायरफॉक्ससुद्धा स्नॅप आहे, त्यामुळे स्नॅपडी बंद करू नका. मात्र प्रत्येक स्नॅप हे एक वेगळं माउंट असतं आणि जुन्या आवृत्त्याही ठेवलेल्या असतात. स्नॅप लिस्ट कमांडला ऑल जोडून चालवा, डिसेबल्ड लिहिलेल्या जुन्या आवृत्त्या काढून टाका. तुमच्या डिस्कवर तेवढाही भार हलका होतो.

जर्नलही एकदा बघा. सिस्टिमच्या नोंदी वाढत जाऊन डिस्कच्या दहा टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 4 जीबीपर्यंत जाऊ शकतात, आणि फिरत्या डिस्कवर त्यांची उघडझाप जड जाते. जर्नलसीटीएलच्या व्हॅक्युम-साइज पर्यायाने 200 एमबीवर आणून ठेवा.

तुमचा विंडोजचा मुद्दा रास्त आहे, आणि त्याचं उत्तरही सुईतच आहे. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. शटडाउन म्हटलं तरी विंडोज आपला गाभा डिस्कवर एका फाइलीत लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच फाइल सलग वाचून उठतं. सलग वाचनात सुईला उड्या माराव्या लागत नाहीत, आणि फिरती डिस्क सलग वाचायला मुळीच वाईट नाही. खरी तुलना करायची तर विंडोजला रीस्टार्ट द्या आणि तेव्हा वेळ मोजा. रीस्टार्टमध्ये ही सोय वापरली जात नाही. फरक तुमच्या लक्षात येईल. याच सोयीमुळे आणखी एक त्रास होतो. विंडोजचा डी ड्राइव्ह तुम्ही एफएसटॅबमधून लिनक्सला जोडला असेल तर विंडोजने तो अर्धवट झोपलेला सोडलेला असतो आणि जोडणी बिघडू शकते. ती ओळ असेल तर तिच्यात नोफेल हा पर्याय घाला, आणि विंडोजमधून फास्ट स्टार्टअप बंद करा.

सगळ्यांत वेगवान डिस्ट्रो कोणती, याचं माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही कदाचित. झुबंटू, लुबंटू, मिंट या सगळ्यांचं बूट बहुतांशी त्याच कर्नलवर, त्याच सिस्टिमडीवर चालतं. नसलेल्या स्वॅपची वाट झुबंटूही तितकीच पाहील. हलका डेस्कटॉप घेतल्याचा लाभ लॉगिननंतर होतो, कारण 4 जीबी रॅममध्ये ग्नोम (उबंटूचा नेहमीचा डेस्कटॉप) आणि ब्राउझर मिळून दाटी होते. त्या कारणासाठी एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप जरूर वापरून बघा, सध्याच्याच उबंटूत ते वेगळं बसवता येतं. पण बूटच्या दोन मिनिटांसाठी सगळं पुसून नवी सिस्टिम टाकू नका. नव्याने टाकल्यावर मशीन वेगवान वाटतं खरं. पुष्कळदा त्याचं कारण इतकंच की त्या खटपटीत जुनी चुकीची ओळ नकळत पुसली गेलेली असते.

जुन्या लेखांपासूनही सावध राहा. रीडअहेड (लागणाऱ्या फाइली आधीच वाचून ठेवणं) चालू करा असा सल्ला अजून फिरतो. सिस्टिमडीने ती सोय 2014 मध्ये काढून टाकली. आरसी फाइलीत कॉन्करन्सी वाढवा हा सल्ला त्याहून जुना. उबंटूने 15.04 पासून, म्हणजे 2015 मध्ये, सिस्टिमडी घेतलं. त्याआधीचा कुठलाही बूट-वेगाचा लेख आज तुमच्या कामाचा नाही.

मात्र एक जुनी गोष्ट आजही कामाची आहे. सप्टेंबर 2008 मध्ये पोर्टलंडच्या लिनक्स प्लंबर्स कॉन्फरन्समध्ये इंटेलच्या आर्यन व्हॅन डे व्हेन आणि औके कोक यांनी एसुसचा छोटा ईईई पीसी 5 सेकंदांत बूट करून दाखवला. त्यांनी आहे त्यातून थोडं थोडं कापत जायचं असं केलं नाही. आधी पाच सेकंद ठरवले आणि ते वाटून दिले: कर्नलला एक, सुरुवातीच्या जुळवाजुळवीला एक, ग्राफिक्सला एक, डेस्कटॉपला दोन. मग प्रत्येकाला आपल्या वाट्यात बसवलं. ते वाचल्यापासून मीही प्रत्येक मशीनला असाच वाटा ठरवून देतो. तुमच्या लॅपटॉपला, डिस्क आहे तीच ठेवून, मी असा देईन: फर्मवेअर 6, लोडर 4, कर्नल 8, यूजरस्पेस 40. एका मिनिटाच्या आत. एसएसडी बसवल्यावर यूजरस्पेसला 15 पेक्षा जास्त देणार नाही.

एसएसडीकडे वळण्याआधी, किंबहुना यातलं काहीही करण्याआधी, एक तपासणी करा. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका शिक्षिकेचा लॅपटॉप संथ झाला म्हणून मी दोन संध्याकाळी बसून त्याच्या सर्व्हिस, ग्रब, सगळं नीट केलं. महिनाभरात डिस्क गेली आणि त्यांच्या मुलीच्या लहानपणचे फोटो तिच्यासोबत गेले. तो संथपणा म्हणजे मरणाऱ्या डिस्कने एकेक जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहणं होतं, आणि मी ते पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून माझी पहिली कमांड डिस्कची तब्येत सांगणारी स्मार्टसीटीएल असते. स्मार्टमॉनटूल्स हे पॅकेज टाका आणि तुमच्या डिस्कचा तक्ता काढा. क्रमांक 5, म्हणजे बदललेली सेक्टर, आणि क्रमांक 197, म्हणजे वाचता न येणारी प्रलंबित सेक्टर. दोन्हींच्या शेवटच्या रकान्यात शून्य हवं. नसेल तर बूटचा वेळ वगैरे सगळं बाजूला ठेवा आणि आजच्या आज महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवा. सहा वर्षांच्या डिस्कबाबत ही शंका घ्यायलाच हवी.

एसएसडी घेताना लॅपटॉप उघडून आधी जागा बघा. अडीच इंची साटा चालेलच. काही मॉडेलांत एम-डॉट-टूची खाचही असते, पण त्या खाचेत साटा चालतं की एनव्हीएमई हे मॉडेलच्या माहितीपत्रकात पाहिल्याशिवाय खरेदी करू नका. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून त्या जागी कॅडीत (डिस्क बसवायच्या चौकटीत) जुनी डिस्क ठेवता येते, म्हणजे 1 टीबीची जागाही हातची जात नाही. एसएसडी मात्र मूळ जागेवर, जुनी डिस्क कॅडीत. क्लोनझिला या प्रोग्रामने डिस्कची हुबेहूब प्रत केलीत तर यूयूआयडी तेच राहतात आणि एफएसटॅबला हात लावावा लागत नाही. पण त्याच कारणाने, प्रत झाल्यावर दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडून बूट करू नका. एकाच नावाची दोन पार्टिशनं समोर आली की सिस्टिम कोणतं उचलेल याचा भरवसा नाही. आधी एकट्या एसएसडीवर बूट करून बघा, सगळं ठीक आहे याची खात्री झाली की जुनी डिस्क पुसून जोडा.

पैसे आत्ता नसतील तर सस्पेंडचा विचार करा. दिवसातून चार वेळा लॅपटॉप उघडत असाल तर झाकण मिटून झोपवा आणि रात्री एकदा बंद करा. सहा वर्षांची बॅटरी किती तग धरते त्यावर हे अवलंबून आहे. आधी एका दुपारी झोपवून ठेवा आणि दोन तासांत किती टक्के उतरले ते बघा.

आता तुम्ही बंद केलेल्या 14 सर्व्हिस. ब्लूटूथ आणि कप्स (प्रिंटरची सर्व्हिस) आधी परत इनेबल करा, त्यांनी तुमचे दोन सेकंदही घेतले नव्हते. यादीत ॲपआर्मर आहे, ते आजच परत चालू करा. ती सुरक्षेची भिंत आहे आणि स्नॅपही तिच्यावर विसंबून असतात. अनअटेंडेड-अपग्रेड्सही परत आणा. ती सर्व्हिस बूटच्या वेळी काही करत नाही, अपडेट चालू असताना मशीन मधेच बंद होऊ नये म्हणून ती शटडाउनच्या वेळी लक्ष ठेवते. मोडेममॅनेजर बंदच राहू द्या, तुम्ही सिमकार्डचं डोंगल वापरत नसाल तर त्याची गरज नाही. ज्यांच्यापुढे तुम्ही मास्क वापरलंय त्यांना अनमास्क करायला विसरू नका. डिसेबल केलेली सर्व्हिस दुसऱ्या कुणाला लागली तर उठू शकते, मास्क केलेली कशानेही उठत नाही, आणि सहा महिन्यांनी एखादा बिघाड आला की हे आठवत नाही. मी प्रत्येक बदल तारखेसह एका वहीत लिहून ठेवतो, तुम्हीही ठेवा.

एका वेळी एकच बदल करा. आधी रिझ्यूमची फाइल, मग ग्रब, मग वेट-ऑनलाइन, मग डॉकर आणि मायएसक्यूएल. प्रत्येक बदलानंतर दोनदा बूट करून दुसऱ्या खेपेचा आकडा धरा, कारण पहिल्या खेपेला मशीन कधीकधी मागची अर्धवट कामं उरकत असतं. रिझ्यूमचा बदल केल्यावरही कर्नलचा आकडा 10 च्या खाली आला नाही, तर माझा अंदाज चुकला असं समजा आणि जर्नलसीटीएल, वजा के, वजा बी चालवून ज्या दोन ओळींच्या वेळांमध्ये मोठी फट दिसते त्या दोन ओळी मला पाठवा. सोबत क्रिटिकल-चेनचा पूर्ण मजकूर आणि स्मार्टचे ते दोन आकडेही द्या.